वटारचा चाफा आणि सावित्रीबाईंची लेखणी

पश्चिम रेल्वेच्या लोकलने मुंबईहून विरारकडे निघालात, की वसईच्या पुढे नालासोपारा लागते. तेथे पश्चिमेच्या बाजूला उतरावे. आधी तुम्हाला वाटेल, की आपण भलत्याच ठिकाणी आलो. जिकडे पाहावे तिकडे इमारती, दुकाने आणि रिक्षांची रांग. पण बस किंवा रिक्षा समुद्राच्या दिशेने निघाली आणि सोपारे मागे पडले, की हवा पालटते. रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना माड आणि केळी दिसू लागतात. निर्मळ, नाळे, राजोडी, सत्पाळा, आगाशी अशी एकमेकांना खेटून बसलेली गावे या पट्ट्यात आहेत. त्यांतलेच एक वटार. तालुका वसई, जिल्हा पूर्वी ठाणे होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर.

देशावरच्या शेतकऱ्याला इथली वस्ती जरा निराळी वाटेल. आपल्याकडे गाव एका जागी आणि शेत दूर. इथे घर वाडीत आणि वाडी घराभोवती. मागचे दार उघडले की शेत सुरू. वाडवळ, सामवेदी, कुपारी ख्रिस्ती, भंडारी, मांगेला, आदिवासी अशा अनेक समाजांची माणसे या किनारपट्टीत पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. कोणाची नागवेल, कोणाची केळी, कोणाची भाजी. आणि बऱ्याच जणांची फुले. सोनचाफा, मोगरा, जाई, तगर, जास्वंद. ही फुले पहाटेच्या लोकलने दादरला जातात आणि मुंबईची देवघरे सजवतात.

वटारला आलात तर समुद्र पाहालच, पण मी तुम्हाला आधी वाडीतून फिरवणार आहे. आणि फिरता फिरता एका बाईची गोष्ट सांगणार आहे. ती बाई या गावची नव्हे, या जिल्ह्याचीही नव्हे. ती सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक आणि पुण्याच्या फुले घराण्याची सून, सावित्रीबाई. त्यांची तसबीर तुम्ही शाळेत पाहिली असेल, ३ जानेवारीला तिला हारही घातला असेल. पण त्या कवयित्री होत्या आणि चाफ्यावर, जाईवर त्यांनी कविता लिहिल्या, हे ठाऊक असणारी घरे फार थोडी. ती ओळख करून द्यायला फुलांच्या वाडीहून चांगली जागा मला दिसत नाही.

चाफ्याच्या झाडाखाली

वाडीत शिरताच पहिला भेटतो सोनचाफा. बियांपासून वाढवलेला चाफा उंच जातो आणि फुलावर यायला सहा-सात वर्षे सहज घेतो. म्हणून आता कलमी चाफा लावतात. तो एक-दोन वर्षांत फुलू लागतो आणि छाटून हाताच्या उंचीवर ठेवता येतो. तोडणी दिवस उजाडण्याआधी करावी लागते. फूल अर्धे उमललेले असतानाच देठासह खुडायचे, मोजायचे आणि प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी घालून बांधायचे. ऊन चढल्यावर तोडलेला चाफा बाजारात पोचेपर्यंत तपकिरी पडतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे मागे चला. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. गाव नायगाव, तालुका खंडाळा. वडील खंडोजी नेवसे, गावचे पाटील. आई लक्ष्मीबाई. घर माळ्याचे. माळी समाज तेव्हा शूद्र गणला जाई, आणि शूद्राने अक्षराला शिवू नये अशी त्या काळची समजूत. त्यात मुलगी. म्हणजे दुहेरी कुलूप. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे. या घराण्याचे मूळ नाव गोऱ्हे, मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून त्यांना फुले हे नाव पडले. म्हणजे मळा करणाऱ्या घरची लेक, फुले विकणाऱ्या घरची सून झाली.

जोतीरावांची आई ते तान्हे असतानाच वारली होती. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी त्यांना वाढवले. जोतीराव शाळेत शिकत आणि तेच धडे सावित्रीबाई आणि सगुणाबाई यांना देत. पुढे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर शिक्षणही घेतले. आणि १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या.

१८५४ साली त्यांचा कवितासंग्रह छापून निघाला. त्यांचे वय तेव्हा तेवीस. संग्रहाचे नाव ‘काव्यफुले’. त्यात ‘पिवळा चाफा’ नावाची कविता आहे. ‘जाईचे फूल’ आहे, ‘जाईची कळी’ आहे, ‘गुलाबाचे फूल’ आहे. वटारच्या वाडीतल्या एखाद्या बाईला ही नावे वाचून दाखवलीत, तर तिला वाटेल की आपल्याच वाडीची यादी वाचली.

मला यात मोठी गोष्ट दिसते ती ही. आपल्या जुन्या काव्यात फुलांना तोटा नाही. पण बहुतेक ठिकाणी फूल येते ते देवाच्या पायावर नाहीतर राणीच्या केसांत. ते पहाटे खुडले कोणी, याचा पत्ता नसतो. सावित्रीबाई फूल खुडणाऱ्यांच्या, हार गुंफणाऱ्यांच्या घरच्या. ज्या समाजाचे हात पिढ्यान् पिढ्या फुले हाताळत आले, त्या समाजाच्या बाईने हातात लेखणी धरली आणि पहिल्याच पुस्तकात फुलांना जागा दिली. पुस्तकाचे नावही तसेच ठेवले.

जाई-मोगऱ्याच्या ओळीत

चाफ्याच्या पलीकडे मोगऱ्याच्या ओळी. मोगऱ्याला वर्षातून एकदा उपास घडवावा लागतो. नोव्हेंबरच्या सुमारास पाणी तोडायचे, पाने झडू द्यायची, मग छाटणी करून शेणखत घालायचे आणि पुन्हा पाणी सुरू करायचे. फेब्रुवारी-मार्चपासून कळी सुरू होते ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. मोगऱ्याची कळी तोडतात, फूल नव्हे. आज रात्री जी उमलणार ती कळी आज सकाळीच ओळखावी लागते. टपोरी, पांढरीशुभ्र आणि घट्ट मिटलेली. हिरवट राहिली तर ती उमलत नाही आणि एक दिवस उशीर झाला तर ती वाया जाते.

ही ओळख कोणत्याही पुस्तकात शिकायला मिळत नाही. मी कृषी पदवीधर. पण कळीला हात लावताक्षणी तिचा दिवस सांगणे मला जमत नाही. वाडीतल्या बायकांना जमते. सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला ही विद्या येते. पावसाळी पहाटे डोक्यावर प्लास्टिकचा कागद, कमरेला ओटी, हातात बॅटरी, अशा या बाया तासन् तास वाकून कळ्या खुडतात. मग घरी येऊन चूल, मुलांचे डबे आणि गोठा.

विद्या त्यांच्याकडे आहेच. उणीव असते ती अक्षराची आणि हिशेबाची. सावित्रीबाईंनी नेमके हेच जाणले होते. ‘काव्यफुले’त फुलांच्या कवितांबरोबर दुसऱ्याही कविता आहेत. शिका, इंग्रजीसुद्धा शिका, कामाला लाजू नका, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून जगू नका, असे त्या सांगतात. अज्ञान हा आपला खरा वैरी, असे त्यांचे म्हणणे. भाषा साधी आणि ओव्या-अभंग ऐकणाऱ्या कानाला रुचेल अशी. शाळेतल्या मुलींना आणि कष्टकरी माणसांना समजावे म्हणून लिहिलेली.

पण लिहिणे सोपे आणि रोज शाळेला जाणे कठीण. सावित्रीबाई रस्त्याने निघाल्या की लोक शिव्या देत, अंगावर शेण-चिखल टाकत. त्या शाळेत गेल्यावर दुसरे लुगडे नेसून शिकवायला उभ्या राहत, असे सांगतात. १८४९ साली समाजाच्या दडपणापुढे सासरे गोविंदरावांनी या दोघांना घराबाहेर पडायला सांगितले. उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. तरी शाळा बंद पडली नाही. १८५१ सालच्या जुलैत चिपळूणकर वाड्यात, सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत अशा मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. नोव्हेंबर १८५२ मध्ये पुण्यात विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. १८५५ साली शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी या दांपत्याने रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा कशी परवडणार?

बावखलाच्या काठी

वाडीच्या कडेला तुम्हाला एक तळे दिसेल. वसईत त्याला बावखल म्हणतात. पावसाचे पाणी या खोलगट जागेत साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना गोडे पाणी मिळते. समुद्र इतका जवळ, की गोडे पाणी उपसले आणि परत भरले नाही, तर खालून खारे पाणी शिरायला वेळ लागत नाही. पूर्वी विहिरींवर रहाट असत. बैल किंवा रेडा गोल फिरे, गाडग्यांची माळ पाणी वर आणी. रहाटाला जेवढे झेपे तेवढाच उपसा होई. मोटारी आल्या आणि उपसा वाढला. त्यातच बरीच बावखले भराव घालून बुजवली गेली. वाडी टिकवायची असेल तर बावखल आधी टिकवावे लागेल. नुसते माड लावून भागणार नाही.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. कोणत्याही जुन्या गावात म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणवठे जातीजातींत वाटलेले असत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला भर उन्हात कोणी ओंजळीत वरून पाणी ओतेल तेव्हा प्यायचे. १८६८ साली फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी देणे हे आपण पुण्य समजतो. त्या काळी हे पाप ठरले.

त्याच वर्षीच्या २९ ऑगस्टचे सावित्रीबाईंचे एक पत्र आहे. त्या तेव्हा माहेरी, नायगावी होत्या. गावात गणेश नावाचा पंचांग सांगणारा ब्राह्मण तरुण येत असे. त्याचे आणि शारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. गावकऱ्यांनी दोघांना पकडले आणि मारून टाकायला निघाले. सावित्रीबाईंना कळले तशा त्या धावत गेल्या आणि जमावापुढे उभ्या राहिल्या. दोघांचे प्राण वाचले. मग त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले. पाटलाच्या लेकीने हे आपल्याच माहेरच्या गावात केले. परगावात सुधारणा सांगणे त्यामानाने सोपे असते. ज्या गावात आपले भाऊबंद राहतात, तेथे उभे राहणे अवघड. खेड्यात राहणाऱ्या तुम्हाला हे मी वेगळे सांगायला नको.

पुण्यात १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर ठेवून जावे. अशीच एक काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा तेथे बाळंत झाली. तिचा मुलगा फुल्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. हाच यशवंत, जो पुढे डॉक्टर झाला. त्याआधी वर्षभर, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता.

पट्टीवरचे आकडे

आता वाडीतून घराच्या पडवीत येऊ. फुले दादरला गेली, विकली गेली, आणि व्यापाऱ्याकडून पट्टी आली. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब. इतका माल, हा भाव, त्यातून कापलेला खर्च, हातात इतके. ही पट्टी वाचतो कोण? मी गावोगावच्या बैठकांत हा प्रश्न विचारतो. पुरुष खुर्च्यांवर बसलेले असतात, बायका दाराशी उभ्या. कळी ओळखणारी बाई दाराशी, आणि पट्टी पुरुषाच्या खिशात. एकदा एका काकींना मी विचारले, काल फुलांचे किती आले? त्या म्हणाल्या, “किती तोडली ते विचारा. किती आले ते त्यांना ठाऊक.”

दोष एकट्या नवऱ्याचा नाही. वर्षानुवर्षांची रीतच तशी पडली आहे. या रीतीवर जोतीराव आणि सावित्रीबाई या दोघांनी आयुष्यभर घाव घातले. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. अक्षर नसल्यामुळे शेतकरी कचेरीत, सावकाराच्या ओट्यावर आणि बाजारात कसा नाडला जातो, हे त्यात पानोपानी आहे. पाणी अडवा, ताली-बंधारे घाला, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे नवे ज्ञान द्या, असे उपायही त्यात आहेत. आमच्या खात्याची माणसे आज जे सांगत फिरतात, त्यातले बरेचसे त्या पुस्तकात सापडते. जोतीरावांची स्वतःची मांजरीला शेती होती, म्हणून ते लिहू शकले.

आणि सावित्रीबाईंनी काय केले? त्यांनी दुष्काळ डोळ्यांनी पाहिला आणि कागदावर उतरवला. १८७६-७७ चा तो मोठा दुष्काळ. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे पत्र जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून लिहिलेले आहे. गुरे तडफडून मरताहेत, माणसे गाव सोडताहेत, सत्यशोधक मंडळी ठिकठिकाणी मदतीच्या कमिट्या करताहेत, असे ते पत्र. घरच्या माणसाला लिहिलेले, पण आज वाचले तर एखाद्या चांगल्या पाहणी अधिकाऱ्याचा अहवाल वाटावा. दुष्काळात आई-बापाविना राहिलेल्या मुलांसाठी अन्नाची सोय करण्यातही त्या पुढे होत्या.

हे पत्र लिहिता आले, कारण चाळीस वर्षांपूर्वीच्या एका माळ्याच्या मुलीच्या हाती कोणीतरी अक्षर दिले होते. त्याच दुष्काळात कितीतरी बायकांनी गुरे गमावली, मुले गमावली. त्यांचा शब्द कोठे उरला नाही.

वटारच्या जवळच अक्षराची केवढी जुनी ठेव आहे पाहा. सोपारे हे जुने बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथला स्तूप उकरला, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी हाती आला. १९५६ साली दुसरा तुकडा भुईगावला मिळाला, तोही याच वसई तालुक्यात. म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ या मातीत अक्षर आहे. दगडावर कोरलेले अक्षर इथल्या वाडीतल्या बाईच्या पाटीवर यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. आज वटारच्या आणि आसपासच्या गावांतल्या मुली शाळा-कॉलेजात जातात, शिक्षिका होतात, परिचारिका होतात, बँकेत बसतात. ही वाट भिडेवाड्यातून आली आहे.

शेवटचा प्रवास

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते हातात घेतले. पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांचे ‘बावनकशी सुबोधरत्नाकर’ निघाले. बावन्न कडव्यांत जोतीरावांचे चरित्र. वयाच्या साठीत, वैधव्यात, ही बाई पुन्हा कवितेकडे वळली. रडगाणे न गाता, झालेल्या कामाचा हिशेब मांडला. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

मग १८९७ चा प्लेग. पुण्यात माणसे पटापट मरू लागली. सख्खी माणसे आजाऱ्याला सोडून पळत. डॉक्टर यशवंताने पुण्याबाहेर ससाण्यांच्या माळावर दवाखाना थाटला. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या. त्या रोगी आणून आणून तेथे पोचवत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेगची गाठ आली, हे कळताच त्या गेल्या आणि त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पुढे त्यांचे साहित्य बराच काळ विस्मरणात गेले. १९८८ साली डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले, तेव्हा कविता, पत्रे, भाषणे पुन्हा लोकांपुढे आली. १९९८ साली टपाल तिकीट निघाले. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. ज्या शहराने त्यांच्यावर शेण टाकले, त्याच शहराच्या विद्यापीठाच्या दारावर आज त्यांचे नाव आहे. नायगावला त्यांच्या जन्मघराचे स्मारक आहे. साताऱ्याकडे जाणे झाले, तर खंडाळा तालुक्यात वाट वाकडी करून ते जरूर पाहा. मुलींना बरोबर न्या.

आता तुमच्या दाराशी

वटारमधून परतताना रस्त्याच्या कडेला जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती तुम्हाला दिसतील. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावे तिच्यात असावीत की नसावीत, यावर या भागात मोठी आंदोलने झाली. तो वाद इथे नको. पण जमिनीला सोन्याचा भाव आला, की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो सहीचा. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याची सही. आणि वाडीत पन्नास वर्षे कळ्या खुडलेल्या बाईचे नाव बहुधा तेथे नसते. वाडी विकायची की राखायची, हे तिला विचारले जाईलच असे नाही. हे एकट्या वटारपुरते नाही. पुण्याजवळ असो, नाशिकजवळ असो, जेथे जेथे शहर शेताच्या बांधाशी आले आहे, तेथे हेच चालले आहे.

म्हणून कृषी अधिकारी या नात्याने तीन साध्या गोष्टी सांगतो. यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट पट्टीची. माल फुलांचा असो, भाजीचा असो की कांद्याचा, पट्टी आली की ती घरात मोठ्याने वाचावी. माल किती गेला, भाव काय लागला, काय काय कापले, हातात किती आले. शाळेत जाणाऱ्या मुलीने ती वहीत उतरवावी. तिचे गणित पक्के होईल आणि आईला घरचा व्यवहार कळेल. महिनाअखेर खुडणारीची मजुरी धरून हिशेब केलात, तर कोणते पीक खरेच परवडते, हे प्रथमच उघड होईल. बाईचे कष्ट फुकट धरले, की प्रत्येक पीक फायद्याचेच दिसते.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याने स्वतः अर्ज दिला, तर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे चौकशी करावी. मुलींचेही विसरू नका. हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क कायद्याने दिला आहे. महाराष्ट्रात १९९४ साली तशी दुरुस्ती झाली आणि २००५ साली ती देशभर झाली. लग्नात दागिना दिला म्हणजे हक्क फिटला, असे होत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. तुमच्या गावात बावखल नसेल. गावतळे असेल, ओढ्यावरचा बंधारा असेल, बुजलेली बारव असेल. तो साठा सर्वांचा समजून राखा. पाणवठ्यावर जात बसू देऊ नका आणि भरावाचा ट्रकही येऊ देऊ नका.

येत्या ३ जानेवारीला शाळेत तसबिरीला हार घालाल. हार चाफ्याचा मिळाला तर उत्तमच. पण तो घालायला पाहुण्यांच्या रांगेतल्या कोणाला न बोलावता गावातली एखादी अशी बाई बोलवा, जिने जन्मभर पहाटे उठून शेतात हात चालवले आणि जिचे नाव कोणत्याही कागदावर नाही. हार घालून झाला, की तिला तेथेच खुर्चीवर बसवा, आणि शाळेतल्या एखाद्या मुलीला तिच्या घरची मागच्या आठवड्याची पट्टी वाचून दाखवायला सांगा.